पाळी चुकवणारी माणसं

साठच्या दशकातली गोष्ट. संत्र्याच्या हंगामात मी अमरावतीच्या बाजारात अडकलेला, आणि सहा महिन्यांची पोटुशी बायको तिवशाकडच्या गावी आईजवळ. तिला दिवसाआड हीव भरत होतं. शहरात आणू म्हटलं, तर आई तिला बैलगाडीत बसू देईना.

मी मलेरियाच्या कचेरीत गेलो. "तुमच्या गावात ताप नाही," कारकून म्हणाला. मी टेबलावर हात आपटला. शेवटी कामाची तपासणी करणारे डॉक्टर म्हणाले, "चला, उद्या बघूच."

दुसऱ्या दिवशी जीप गावात आली. दर पंधरवड्याला फिरणाऱ्या मलेरियावाल्याच्या तारीख-सहीच्या खुणा प्रत्येक भिंतीवर होत्या. डॉक्टर खूश. घरोघर विचारलं, सगळे 'नाही' म्हणाले. मग आमचं दार. आई बाहेर आली.

"कोणाला ताप?"

"नाही जी. आमच्या घरी कोणालेच नाही."

मी पुढे झालो.

"माय, खोटं काहून बोलून राहिली? सून कुठं हाय?"

"हळू बोल, मेल्या!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आज त्या तापाची पाळी हाय. घरी कोणी नाही म्हटलं का तो दारातूनच परत जाते."

तापाला चकवायचं म्हणून आईनं बायकोला सकाळीच गावाबाहेरच्या संत्र्याच्या बागेत धाडलं होतं. डॉक्टर हसून जीपकडे वळले. "माणूस वेळेवर येतो, खुणा करतो. काम चोख आहे."

मी जीपचं दार धरलं. "बागेत चला. मग काय लिहायचं ते लिहा."

आम्ही दोघे बागेत शिरलो. झाडाझाडाखाली माणसं गोधड्या पांघरून कुडकुडत होती. 'नाही' म्हणणाऱ्या घरांचीच माणसं. बायको कडेच्या झाडाखाली होती. दात वाजत होते, ओठ पांढरे. तिने मला ओळखलं नाही.

डॉक्टरांनी रक्त घ्यायची सुई बाहेर काढली. "मला फक्त घरं तपासायला सांगितलंय हो," ते पुटपुटले.

"आधी हिचं रक्त घ्या," मी ओरडलो.

गोळ्यांनी बायको वाचली. मूल पोटातच गेलं. त्याबद्दल मी त्या खात्याला आजही माफ केलेलं नाही.

पुढच्या पंधरवड्याला मलेरियावाला दारात येऊन तेच विचारू लागला. आई तेच सांगू लागली. मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला बागेकडे ओढत नेलं.