बातमीचं शेपूट

उपनगरच्या पानावर काम करणाऱ्या माणसाकडं किस्से रद्दीसारखे साठतात. रद्दी तरी महिन्याकाठी कोणीतरी घेऊन जातं. हे न्यायला कोणी येत नाही, म्हणून चार ओळखीची माणसं बसली की मीच सोडते एकेक.

आमचा सांगलीतला पेपर काही फार मोठा नाही. त्यात आतल्या बाजूला उपनगरचं पान. म्हणजे गटारी, कुत्री, बंद दिवे, खोदून ठेवलेले रस्ते आणि फोडलेले बंगले! ते पान कॉम्प्युटरवर मी लावते. बातम्या आणतात आबा. आबा मूळचे उंब्रजचे, पण सगळी हयात सांगलीच्या गल्ल्यांत स्कूटर फिरवण्यात गेली.

आता शेपूट म्हणजे काय ते सांगते. गटारीची बातमी असो की कुत्र्यांची, आमच्याकडं तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं. "कुणाचा तरी बळी गेल्यावरच प्रशासनाला जाग येणार का, असा संतप्त सवाल परिसरातील नागरिकांतून विचारला जात आहे." ऑफिसात त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. रोज रोज टाईप करून कंटाळले, तेव्हा मी ते सबंध वाक्य कीबोर्डच्या एका बटणावर बसवून घेतलं. बटण दाबलं की शेपूट हजर!

आबा कागद टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, "शेपूट तेवढं तुमी लावा ताई, बाकीचं गाढव मी पुरं केलंय."

"पण हे संतप्त नागरिक असतात कोण हो?" मी एकदा विचारलं.

"एक मी. आन् ऊन जास्त असलं की दुसरा बी मीच!"

*

एकदा एका नगरसेवकाच्या वाढदिवसाची बातमी होती. रक्तदान शिबिर, वह्यावाटप, नेहमीचंच. पान सोडायची घाई होती आणि माझं बोट सवयीनं त्या बटणावर गेलं. सकाळी लोकांनी वाचलं, "वाढदिवस विविध उपक्रमांनी साजरा होणार आहे. कुणाचा तरी बळी गेल्यावरच प्रशासनाला जाग येणार का..."

दहा वाजता नगरसेवक चार कार्यकर्ते घेऊन ऑफिसात हजर. माझी नोकरी गेली असं समजून मी पर्स आवरायला घेतली होती. पण ते चिडलेलेच नव्हते. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, "ताई, कुणाचा ते काय कळलंय का?"

"अहो साहेब, चूक झाली. बटण दाबलं गेलं."

"व्हय, चूकच असंल. पण काल सांजच्याला आमच्या कमानीचा बांबू सुटला आन् माझ्या कानाजवळनं गेला. तवा तुमचा पेपर छापायचा हुता. म्हणून इचारतो."

पुढच्या वर्षी वाढदिवसाची बातमी त्यांनी स्वतः टाईप करून पाठवली. खाली लाल शाईत लिहिलं होतं, "पूर्णविरामाजवळ थांबावे!!"

*

घरफोडीच्या बातमीलाही एक साचा असतो. बंद बंगला, तुटलेलं कुलूप, उचकटलेलं कपाट. पण एक घरफोडी अशी आली की आबांचा साचाच मोडला.

नव्या कॉलनीतलं एक कुटुंब नागपंचमीला शिराळ्याला पाहुण्यांकडं गेलं होतं. दोन दिवसांनी परत आले तर कुलूप तुटलेलं. आत कपाट जसंच्या तसं, दागिने जागेवर. फक्त फरशी पुसलेली होती, मोरीतली भांडी घासून पालथी घातलेली होती आणि देवापुढं दिवा जळत होता.

हवालदार वही काढून बसले. "काय काय गेलं?"

"काही नाही," मालक म्हणाले.

"मग मी लिवू काय?"

आबांनाही तोच प्रश्न पडला. मालकीणबाई मात्र एकच सांगत राहिल्या, "अहो, वात नवी आहे. तेल काठोकाठ आहे. आत्ता घातल्यासारखं!"

बातमी काही छापून आली नाही. पुढं सात-आठ महिन्यांनी त्या बाई मला भाजी मंडईत भेटल्या. मी सहज विषय काढला. तर म्हणाल्या, हल्ली गावाला जाताना त्या देवघरापुढं तेलाची बाटली भरून ठेवतात.

मला हसू आलं. "आणि आल्यावर कमी झालेलं असतं?"

"दर वेळी," बाई म्हणाल्या. "आणि कुलूप आता तुटलेलं नसतं."

मी कोथिंबीर तिथंच विसरून घरी आले.

*

एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावरून फोन आला, आमच्या हॉलखालून कोणीतरी चालतंय! आबा म्हणाले, चला ताई, तुमीबी बघा. मीही गेले. नवी फरशी, नवा सोफा, भिंतीवर मोठा टीव्ही. त्या घरातल्या वहिनींनी मला फरशीला कान लावायला लावला. खरंच आवाज येत होता. पावलांसारखा म्हटलं तर पावलांसारखा, थांबून थांबून. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि माझ्या हातांवर काटा आला होता.

पलीकडच्या मळ्यात एक म्हातारबाबा राहायचे. बिल्डिंगची जागा पूर्वी त्यांच्याच भावकीची. आबांनी त्यांना विचारलं तर त्यात त्यांना नवल काहीच वाटलं नाही. "ओढा हाय त्यो. मुरूम टाकून बुजवला म्हणून काय जायचा थांबतोय व्हय? त्येला कृष्णामाईला जायाचंय."

बातमी आली, चौकशी करू असं महापालिकेचं उत्तर आलं, विषय संपला. त्या पावसाळ्यात एका दुपारी पाणी हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीतून आत आलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून सरळ बाहेर गेलं. बाकीच्या खोल्या कोरड्या ठणठणीत! सोफा ओलांडून जाताना त्यानं तो हलवलासुद्धा नाही.

म्हातारबाबा बघायला आले होते. जाता जाता वहिनींना म्हणाले, "पोरी, सोपा तेवढा त्येच्या वाटंतनं काढ. त्येनं तुला सांभाळून घेतलंय."

*

शेपटाची आम्हाला भीती वाटायला लागली ती त्याच पावसाळ्यात.

शाळेजवळच्या वळणावर गतिरोधक नाही, अशी बातमी आबांनी दिली. मी शेपूट लावलं. तिसऱ्या दिवशी त्या वळणावर एक दूधवाला गाडीखाली आला आणि जागीच गेला. आठ दिवसांत गतिरोधक झाला. मग एका पडक्या भिंतीची बातमी, शेपूट, आणि भिंत एका म्हाताऱ्यावर पडली. मग विजेच्या उघड्या पेटीची बातमी. त्याचं मी सांगत नाही. योगायोग म्हणा, आम्हीही तेच म्हणत होतो.

पण लोक म्हणेनात! एका कॉलनीचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन आलं. बातमी मोठी लावा, फोटो लावा, आमची नावं लावा, फक्त ते शेवटचं वाक्य नको. त्यांच्यात एक रिटायर सुभेदार होते. ते म्हणाले, "आवं, बॉर्डरवर गोळीला भ्यालो न्हाई. पण तुमचा पेपर दारात पडला की आधी शेवट वाचतो!"

सगळे हसले. आबाही हसले. पण त्या दिवसापासून त्यांच्या कागदाखाली "शेपूट नको" असं लिहिलेलं यायला लागलं.

आमच्या पानाचे प्रमुख चिडले. "आबा, बातम्या मिळमिळीत व्हायला लागल्यात. शेवटी काही दम नको का?"

आबा चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, त्या दूधवाल्याच्या घरी जाऊन आलो. त्येची बायको मला एवढंच म्हणाली, तुमाला तीन दिस आधी कळलं हुतं, तर आमच्याकडं येऊन सांगायचं तरी."

ते बटण दाबणारं बोट माझं होतं.

*

आणि आता हौसाबाई.

हौसाबाई गुंठेवारीतल्या एका गल्लीत राहायच्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, पण काठी नाही की चष्मा नाही. मुलगा मिलिटरीत लांब पोस्टिंगला, सून बेदाण्याच्या शेडवर कामाला. तिसरीतल्या नातीला, सईला, शाळेत न्यायचं काम यांचं. आणि वाटेत ड्रेनेजचं एक चेंबर, झाकण नसलेलं! पाऊस झाला की काळ्या मातीच्या त्या गल्लीत गुडघाभर पाणी, मग चेंबर दिसायचंच नाही. हौसाबाई त्यात बाभळीची फांदी रोवून तिला लाल चिंधी बांधायच्या. फांदी दर पावसात वाहून जायची. मग त्या नातीचा हात धरून पावलं मोजायच्या. नळापासून अकरा पावलं सरळ, मग भिंतीला धरून.

त्या चार वेळा ऑफिसात आल्या. आबांनी चार बातम्या दिल्या, चारही बिनशेपटाच्या. वॉर्ड ऑफिसात पान हललं नाही.

पाचव्या वेळी त्यांनी चारही कात्रणं माझ्या टेबलावर मांडली. "ह्यात ते वाक्य न्हाई."

"आजी, त्या वाक्यानं काय हुतंय?" आबा म्हणाले.

"शाळंपाशी आठ दिसात गतिरोधक झाला की."

"आवं, माणूस मेला म्हणून झाला त्यो!"

"मग मी तेच म्हणतीया," हौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "फकस्त कुणाचा तरी म्हणून सोडू नका. गल्लीत बारकी पोरं हायती. माझं नाव घाला."

आबा ताडकन उठले. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मी न्हाई लिवणार!" आणि ते निघून गेले.

हौसाबाई माझ्याकडं वळल्या. "तुला पोरं हायती?"

"एक मुलगी आहे."

"मग तू लिव."

मी आबांची चौथी बातमी पुन्हा उघडली आणि तिच्याखाली बटण दाबलं. "कुणाचा तरी" खोडलं आणि तिथं "हौसाबाईंचा" असं टाकलं. वाचून दाखवलं. "बराबर," त्या म्हणाल्या आणि कात्रणं घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

बातमी आली त्या दिवशी सकाळी दहाला माझा फोन वाजला. "हाय मी. झाकण न्हाई." फोन बंद! दुसऱ्या दिवशी दहाला तेच. "हाय मी. झाकण न्हाई." पहिल्यांदा मला हसू आलं. मग मी दहाच्या आधी येऊन फोनजवळ बसायला लागले. बाराच्या आत कधी न येणारे आबा पावणेदहाला येऊन माझ्या शेजारी बसायचे. फोन झाला की दोघंही कामाला लागायचो.

सात दिवस असे गेले. सातव्या दिवशी आबा पहिल्यांदा मोकळं हसले. "शेपूट मेलं बघा ताई!"

आठव्या दिवशी बरोबर दहाला फोन आला. नंबर तोच, आवाज बारका. सई होती.

"ताई, झाकण बसलं. आजीनं सांगितलं हुतं, बसलं की तुमाला फोन कर."

मी ओरडलेच, "आबा, झाकण बसलं!" आबांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "सई, आजीला दे गं फोन!"

"आजी न्हाई. आजी पहाटं झोपेतच गेली."

मागं बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. सईच सांगत राहिली. आजी गेल्याचं गल्लीभर झालं, वॉर्ड ऑफिसातल्या कुणीतरी पेपरातलं नाव ओळखलं आणि नवाला झाकण घेऊन गाडी आली. साहेबसुद्धा आलेत.

"सई, मग फोन कर म्हणून आजीनं तुला कधी सांगितलं?"

"काल सांजच्याला. म्हणाली, उद्या नवाला माणसं येतील, झाकण बसवतील. त्यास्नी च्या दे, तसंच लावून देऊ नको."

मग तिनं आवाज अगदी बारीक केला.

"ताई, ती माणसं अजून दारात उभी हायती. पर आज घरात चूल पेटवायची न्हाई म्हणत्यात. मग त्यास्नी च्या कुठनं देऊ?"