नाजनीनने शेवट आधी सांगितला

नाजनीन काझी दोन प्रकारची पुस्तकं लिहिते. चरित्रं स्वतःच्या नावानं आणि रहस्यकादंबऱ्या ‘अल्तमश’ या नावानं. अल्तमश हा तिचा धाकटा भाऊ. सात रस्ता चौकाजवळ त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे आणि त्यानं आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही. प्रकाशकाला पुरुषाचं नाव हवं होतं, घरात एक होतं, तिनं ते उचललं. लोक दुकानात येऊन खुनी कोण ते विचारतात आणि तो खुशाल चुकीचं सांगतो.

कादंबऱ्या खपतात म्हणून चरित्रं छापता येतात. ज्यांचा पुतळा कधी होणार नाही अशी माणसं ती निवडते: एखादी नर्स, एखादे तालमीतले वस्ताद. आम्ही एकाच शाळेत शिकवलं, ती इतिहास आणि मी मराठी, त्यामुळे तिचं लिखाण आधी माझ्याकडे येतं.

चरित्राबाबत तिचा एक नियम आहे. छापण्याआधी ते त्या माणसाच्या घरी जाऊन, घरच्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. वस्तादांचे मुलगे ऐकता ऐकता आपापसांत भांडले, तरी हिनं नियम सोडला नाही.

मग तिनं सोजरबाईंचं चरित्र हाती घेतलं. सोजरबाई इथल्या एका जुन्या गिरणीत कामाला होत्या, बायकांच्या पुढारी. पन्नासच्या दशकात तिथं संप ठरला आणि ज्या रात्री बैठक झाली त्याच रात्री मालकाला सुगावा लागला. पुढाऱ्यांना काढून टाकलं, सोजरबाईंना तेवढं ठेवलं. गिरणीकामगारांच्या चाळीला संशय घ्यायला एवढं पुरे झालं. सोजरबाई सांगत राहिल्या की मी मंद्रूपला माहेरी बाळंतीण होते. चाळ म्हणायची, मूल तर नंतर झालं. तारीख कुणी लिहून ठेवली होती? त्या फितूर म्हणूनच गेल्या. त्यांची मुलगी गिरिजाबाई आज सत्तरीच्या आहेत आणि त्यांचं नाजनीनकडे एकच मागणं होतं: आईवरचा डाग खरा की खोटा, ते सांगा.

नाजनीननं छडा लावला. मंद्रूपला सोजरबाईंची नव्वदी ओलांडलेली भावजय भेटली, मोहोळला धाकटी बहीण. साक्षीदारांना वेगवेगळं विचारायचं, ही अल्तमशच्या नावच्या कादंबऱ्यांतली सवय. दोघींनी एकच सांगितलं: बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी संप मोडल्याची बातमी आली, तेव्हा घरात बाळाची पाचवी पुजली जात होती. म्हणजे बैठकीच्या रात्री सोजरबाई मंद्रूपला बाजेवर होत्या. बैठकीचा त्यांना पत्ताच नव्हता.

इतकं हातात असताना नाजनीनबाईंनी काय करावं? ते शेवटच्या प्रकरणात ठेवलं. आधीच्या सगळ्या प्रकरणांत संशय वाढवत नेलेला. मी म्हटलं, हे चरित्र आहे, खून नव्हे. ती म्हणाली, ताई, वाचक शेवटपर्यंत बसला पाहिजे.

गिरिजाबाईंच्या घरी वाचन सुरू झालं. चहा झाला, सून अपेक्षासुद्धा काम टाकून येऊन बसली. गिरिजाबाई पदराचं टोक मुठीत धरून ऐकत होत्या. तिसऱ्या प्रकरणात चाळीतल्या बायका सोजरबाईंना काय काय म्हणायच्या ते आलं आणि गिरिजाबाई उठल्या.

“हे मी ल्हानपनापासनं ऐकत आलेय, बाई. तुमच्या तोंडून बी तेच ऐकायचं व्हय?”

आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. नाजनीन दाराशी म्हणत राहिली, मावशी, पुढचं ऐका. शेवटी अपेक्षानं हळूच सांगितलं की आज राहू द्या.

रिक्षात नाजनीन कागद पिशवीत कोंबत होती. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हटलं, “वाचक बसतो गं. मुलगी कशी बसेल?”

तिनं सगळं पुस्तक मोडून पुन्हा बांधलं. शेवट आधी सांगायचा म्हणजे तिच्या लेखी खुन्याचं नाव मुखपृष्ठावर छापणं. तरी केलं.

पुन्हा गेलो तेव्हा गिरिजाबाईंनी आत बोलावलं नाही. नाजनीननं उंबऱ्याबाहेर उभ्यानंच पहिलं पान वाचलं.

“सोजरबाईंनी संप फोडला नाही. बैठकीच्या रात्री त्या मंद्रूपला होत्या आणि त्यांच्या कुशीत नुकतीच जन्मलेली गिरिजा होती.”

पुढं पाचवीचं आलं, भावजयीचं, बहिणीचं. गिरिजाबाई चौकट धरून उभ्या होत्या.

“परत वाचा.”

तिनं परत वाचलं.

“म्हंजे मीच की साक्षीला,” गिरिजाबाई म्हणाल्या. “त्या राती आईजवळ मीच होते, आन् इतकी वर्सं मलाच खातरी न्हवती.” मग डोळे पुसून अपेक्षाला चहा टाकायला सांगितलं.

सगळं पुस्तक त्यांनी त्या दिवशी ऐकलं. चाळीच्या बायकांचं प्रकरणही. मधे दोनदा हसल्या. शेवटी विचारलं, मग फोडला कुणी? नाजनीननं कबूल केलं की ते सापडलं नाही आणि सापडलं नाही ते चरित्रात लिहिता येत नाही.

“मग भावाच्या नावच्या पुस्तकात धरा की त्याला.”

ती कादंबरी आता निम्मी झाली आहे. फितूर कोण, हे नाजनीन मला काही केल्या सांगत नाही. गिरिजाबाईंना मात्र घरी जाऊन आधीच सांगून आली आहे.