त्यानं विचारलं होतं

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — पण बसा जरा.

धाराशिवच्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क आहे. घरी राहून बी.ए. करणाऱ्यांचं काम माझ्याकडं. परीक्षा जवळ आली की मेलचा नुसता ढीग. बहुतेकांचा प्रश्न एकच — हॉलतिकीट कधी मिळणार? म्हणून आमच्या संगणक विभागातल्या संघमित्रा मॅडमनी एक एआय एजंट बसवला. म्हणजे मेल स्वतः वाचणारा, त्यांचे गट पाडणारा आणि आपण हो म्हटलं की शेकडो लोकांना एकदम उत्तर पाठवणारा मदतनीस.

मॅडम तिशीच्या, लई बारकाईनं काम करणाऱ्या. त्यांनी एजंटला अटी घातल्या होत्या. पाठवण्याआधी विचारायचं. किती जणांना जाणार ते दाखवायचं. काही वेगळं दिसलं तर थांबायचं. आणि कुठलाही मेल कायमचा पुसायचा नाही, महिनाभर कचरापेटीत ठेवायचा.

मला त्याचं फार नवल वाटायचं. मी उभी नोकरी आवक-जावक रजिस्टर हातानं लिहिण्यात घालवली. आणि हा चहा गार व्हायच्या आत हजार पत्रं वाचतो, आणि तरी माझ्या एका ‘हो’साठी थांबून राहतो? का थांबतो? ह्याला मोकळं सोडलं तर काय करेल? मनात हेच घोळायचं.

हॉलतिकिटं वाटून झाली. आता जुन्या मेलना एकच उत्तर पाठवून पेटी रिकामी करायची होती — ‘आपली विनंती निकाली काढण्यात आली आहे.’ दुपारचे तीन वाजले असतील. मी एजंटला काम सांगितलं. थोड्या वेळानं पडद्यावर अक्षरं आली. अठराशे मेल आहेत, पण त्यातल्या त्रेसष्ट मेलमध्ये लोकांच्या वेगळ्या मागण्या दिसतात, ते बाजूला ठेवू का?

मला घाई नव्हती. कुणी मागं लागलं नव्हतं. त्रेसष्ट मेल वाचायला किती वेळ लागतो — तास, दीड तास? पण मला बघायचं होतं, सगळे एकदम जाताना कसं दिसतं ते. मी ‘सगळ्यांना पाठवा’ दाबलं. आकडा भराभर वर चढत गेला. खरं सांगतो, मजा वाटली.

त्या त्रेसष्टांत भूमच्या सुरेखाताई होत्या. अंगणवाडीत मदतनीस, चाळिशी ओलांडलेली बाई. सासरे अंथरुणाला खिळलेले, म्हणून धाराशिवऐवजी भूमचं परीक्षाकेंद्र द्या अशी त्यांची मागणी होती. हॉलतिकिटावर धाराशिवच होतं, पण आमचं उत्तर वाचून त्यांना वाटलं, केंद्र बदलून मिळालं. परीक्षेच्या दिवशी त्या भूमच्या केंद्रावर गेल्या. यादीत नाव नव्हतं. तिथून एसटीनं धाराशिवला येईपर्यंत पेपर सुटला होता.

त्या थेट ऑफिसात आल्या. उत्तराचा छापील कागद माझ्या टेबलावर ठेवला, हातानं सरळ केला.

“साहेब, तुमचंच पत्र हाय न्हवं हे? म्या दोनदा वाचलं.”

मी कागद उलटसुलट केला. मग म्हणालो, “मशीननं आपोआप पाठवलंय.”

बोललो आणि सुटलो, असं वाटलं. पण प्राचार्यांनी चौकशी लावली. तेव्हा मी काय केलं? एजंटशी झालेलं ते सगळं बोलणं, त्याचा प्रश्न आणि माझं उत्तर, चौकशीच्या आधीच पुसून टाकलं. ती नोंद पुसता येते हे मला मॅडमनीच शिकवलं होतं.

एजंट बंद झाला. मॅडमनी घातलेल्या अटीमुळं मेल कचरापेटीत शाबूत होते, म्हणून उरलेल्या बासष्ट जणांची कामं तरी झाली. सुरेखाताईंचं वर्ष मात्र गेलं. पुढच्या वर्षी त्या पुन्हा बसल्या, पास झाल्या — हे मी यादीत चोरून पाहिलं.

आणि मॅडम? त्यांच्यावर कुणी ओरडलं नाही. फक्त त्यांची बदली ग्रंथालयात झाली. जायच्या आधी आठ-दहा दिवस त्या रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसून आपल्याच सूचना ओळीनं तपासायच्या. त्यांचं आपलं एकच — नोंद सापडत नाही म्हणजे त्यानं विचारलंच नसणार, आणि विचारलं नसेल तर चूक माझीच — पण कुठं? डबा तसाच बाजूला राहायचा. एकदा मान वर करून म्हणाल्या, “सर, आठवून सांगा. काहीच विचारलं नव्हतं त्यानं?”

“नाही,” मी म्हणालो. आवाज हललासुद्धा नाही. त्याचं मला अजून नवल वाटतं. जे यंत्र प्रत्येक गोष्ट विचारून करत होतं, त्याला मी खोटं ठरवलं आणि स्वतःला मात्र काहीच विचारलं नाही — माणसाच्या आत नेमकं काय असतं?

मागच्या महिन्यात तुळजापूरला जिल्ह्यातल्या क्लार्क लोकांचं प्रशिक्षण झालं. नवे एजंट येणार आहेत. अनुभव सांगायला मॅडमना बोलावलं होतं. मी दुसऱ्या रांगेत होतो. शांतपणे त्यांनी सगळं सांगितलं — माझ्या सूचनेत कुठंतरी कच्चं राहिलं, ते मला आजपर्यंत सापडलं नाही, त्यानं न विचारता पाठवलं. लोक वह्यांत लिहून घेत होते.

“हे सर तेव्हा तिथंच होते,” त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी मान डोलावली.