नानांनी आणलेला फिल्टर

पंपनाना हे नाव त्यांना कॉलनीने दिलं होतं. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांची उभी हयात गेली. मोटारींच्या घरघरीने कान अधू झाले, त्यामुळे घरात ‘चहा झाला का’ असं विचारलं तरी खालच्या मजल्यावरच्यांना कळायचं. सून नवीन होती तेव्हा तिला वाटायचं, सासरे आपल्यावर सारखे चिडलेले असतात. शेवटी नवऱ्याने समजावलं, “अगं, ते रागावले की हळू बोलतात. मोठ्याने बोलतायत तोवर सगळं ठीक आहे.”

तो नवरा, नानांचा एकुलता एक मुलगा, एक दिवस कामावर असतानाच कोसळला. चाळिशीही गाठली नव्हती. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात उरले दोघं. एकाला धड ऐकू येत नव्हतं आणि दुसरीने बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

त्याच्यामागे कपडे राहिले, चपला राहिल्या, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीशी ठेवलेली माशांची काचेची टाकी राहिली. तिच्यात एंजल मासे होते. बशीसारखे चपटे, लांबलचक परांचे. सगळ्यांत मोठ्याचं नाव त्याने ‘साहेब’ ठेवलं होतं. काम काही करायचं नाही, दिवसभर सावकाश फेऱ्या मारायच्या आणि बाकीच्यांकडे तिरक्या नजरेने बघायचं, म्हणून साहेब.

तो गेला तेव्हा घर माणसांनी भरलं. ज्याला काय करावं सुचेना तो टाकीजवळ उभा राही आणि माशांना चिमूटभर खाणं घाली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. माणसं पांगली तेव्हा सुनेला टाकीचा वास जाणवला. तिने पदर खोचला, दगड घासले, काचा घासल्या, फिल्टरमधला काळपट बुळबुळीत स्पंज नळाखाली धरला आणि पांढरा होईपर्यंत चोळला. नवऱ्याची वस्तू लख्ख करून ठेवल्याचं तिला तेवढंच समाधान वाटलं.

त्यानंतर पाणी दुधाळ झालं. एकेक मासा आडवा होऊन वर तरंगायला लागला. नाना वाटीने तो काढून घेत आणि खाली जिन्यामागच्या मातीत पुरून येत. साहेब आणि दोन लहान मासे एवढेच उरले. काही महिन्यांनी फिल्टरच्या जुन्या मोटारीनेही मान टाकली.

मुलगा गेल्यापासून नाना जिन्यामागच्या त्या मातीपलीकडे गेले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि बाजारात गेले. परत आले ते काखेत मावेना एवढं खोकं घेऊन. आयुष्यभर पंपच हाताळलेला माणूस, फिल्टर बसवायला कितीसा वेळ लागणार! पाणी उसळलं, खोलीभर घूं घूं आवाज भरला. नानांना तो ऐकू येत नव्हता. त्यांनी काचेवर तळवा टेकवला, थरथर जाणवली तशी मान हलवली आणि आत जाऊन शांत झोपले.

पाणी खरंच नितळ झालं. पण साहेबाची अवस्था वादळात धरलेल्या पत्र्यासारखी झाली. प्रवाह आला की तो उलटा फिरे, धडपडत सरळ होई, पुन्हा फिरे. लहान दोघं दगडामागे दडून बसले. टाकलेलं खाणं तोंडाशी येण्याआधीच वाहून जाई. साहेबाचे पर कडेने विरायला लागले.

सुनेला हे दिसत होतं, पण सांगायचं कसं? इतक्या महिन्यांनी हा माणूस उठून काहीतरी करून आला होता. मग तिने वेगळीच वाट काढली. दुपारी नानांचा डोळा लागला की ती हळूच बटण बंद करी आणि ते उठायच्या आत पुन्हा चालू करी. एका दुपारी तिचाच डोळा लागला. नाना उठले, सवयीने काचेला हात लावला आणि तिथेच थांबले.

“कोणी बंद केला?” ते अगदी हळू म्हणाले.

“मी.”

“का?”

“नाना, साहेब दमलाय.”

नानांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी बटण दाबलं. “पुन्हा हात लावायचा नाही.”

इतके दिवस आत दाबलेला आवाज मग एकदम बाहेर आला. “जरा बसा आणि बघा त्याच्याकडे! तो पोहत नाहीये, नाना. एका जागी राहायलाच त्याला एवढं झगडावं लागतंय. घास मिळत नाही त्याला. तुम्ही मारून टाकाल त्याला!”

बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. नानांनी खुर्ची ओढली आणि टाकीसमोर बसले. ती स्वयंपाकघरात निघून गेली. चहा घेऊन आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं, आणि घूं घूं थांबली होती. बटण नानांनीच बंद केलं होतं.

“गावाला किती पाणी लागतं हे विचारल्याशिवाय मी कधी पंप सुरू केला नाही,” ते म्हणाले. “आणि इथे दुकानात जाऊन सांगितलं, तुमच्याकडचा सगळ्यांत मोठा द्या. दुकानवाली विचारत होती काहीतरी. मी ऐकूनच घेतलं नाही.”

“असू दे, नाना.”

“एकेक मासा वाटीत काढताना वाटायचं, पोराचं एवढंच उरलंय आणि तेही माझ्या हातून चाललंय. पुन्हा पाणी खराब होऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.”

तिने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि बाजूला जमिनीवरच बसली. रात्रीपुरतं नानांनी फिल्टरचं तोंड काचेकडे वळवलं, म्हणजे प्रवाहाचा जोर तिथेच आपटून ओसरेल, आणि तो पुन्हा चालू केला.

सकाळी दोघं मिळून दुकानात गेले. दुकानवालीने चष्मा कपाळावर चढवला. “टाकी केवढी आहे?”

दोघांनी एकाच वेळी हात पसरले. सुनेच्या हातांत जेवढी टाकी होती त्याच्या दीडपट नानांच्या हातांत होती. दुकानवालीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “घरी दोन आहेत का?”

सून हसली. नानांना विनोद ऐकू आला नाही, पण ती हसलेली त्यांनी पाहिली.

“आतून मापा,” दुकानवाली म्हणाली. “लांबी, रुंदी, पाण्याची उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये. गुणाकार करा आणि हजाराने भागा, की लिटर आले. दगड-वाळूची जागा वजा करा. एंजल संथ मासा आहे. तासाभरात टाकीचं पाणी चार-पाच वेळा फिल्टरमधून गेलं की पुष्कळ झालं.”

घरी येऊन त्यांनी टेप धरली. एक टोक सुनेकडे, एक नानांकडे. पंच्याऐंशी लिटर भरले. आणलेल्या खोक्यावर तासाला बाराशे लिटर लिहिलं होतं. म्हणजे सगळंच्या सगळं पाणी तासाला चौदा वेळा ढवळलं जात होतं. नानांनी तो आकडा पुन्हा एकदा करून पाहिला आणि डोळे मिटले.

दुकानवालीने खळखळ न करता फिल्टर बदलून दिला. साडेचारशेचा. “खोक्यावरचा आकडा रिकाम्या मोटारीचा असतो. आत स्पंज बसला की जोर कमी होतो, म्हणून जरासा वरचा घेतलेला बरा,” ती म्हणाली. मग तिने स्वतःच्या टाकीतला एक मळकट स्पंज पिशवीत घालून दिला. “हा आत बसवा. ह्या बुळबुळीत थरातच पाणी शुद्ध करणारे जीव असतात. जुना नळाखाली घासून धुतला होता का? त्यानेच मासे जातात बघा.”

सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते शब्द नेमके नानांना ऐकू आले होते.

“आम्ही धुतला,” नाना म्हणाले. “दोघांनी. माहीत नव्हतं.”

घरी येईपर्यंत ती रस्त्याने मुकाट रडत होती. नाना तिच्या बाजूने चालत राहिले.

नवा फिल्टर बसला. पाण्यावर हलकी लहर तेवढी उठायची. लहानांपैकी एक वाचला नाही. साहेबाने काही दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, मग एका सकाळी सुनेच्या बोटाखालून त्याने घास उचलला. तिने नानांना हाक मारली. नाना दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून आले. त्या दिवशी जेवताना तिने पहिल्यांदा विचारलं, “नाना, लहानपणी कसे होते हो हे?” आणि नाना खूप वेळ सांगत राहिले. मध्येच त्यांना रडू आलं. ती उठली नाही, पाणीही आणायला गेली नाही. बसून राहिली.

तिच्या माहेरचे तिला न्यायला आले होते. तिने सध्या नको म्हणून सांगितलं आणि एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर नोकरी धरली. रविवारी थोडं पाणी काढून ताजं घालायचं काम नानांकडे आलं.

साहेब पुढे दीड वर्ष जगला. एका बाजूचा पर शेवटपर्यंत नीट भरला नाही, त्यामुळे तो थोडा कलून फिरे. तो गेला तेव्हा नानांनी त्याला झाकून ठेवलं. ती कामावरून आली, हातपाय धुतले, मग दोघांनी मिळून त्याला जिन्यामागे पुरलं. पुढच्या आठवड्यात ती दुकानात गेली आणि आधी विचारलं, “पंच्याऐंशी लिटरमध्ये किती मासे सुखाने राहतील?”