नरसाळ्यातली माती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुण्यातल्या मुलाला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्ही म्हणाल, पावसाची तर गोष्ट, त्यात एवढं काय? मीही स्वतःची समजूत अशीच घालत आलो.

मी विज्ञानाचा शिक्षक. लोहारा तालुक्यातल्या एकाच गावात सगळी नोकरी झाली, तिथंच घर बांधलं, तिथंच निवृत्त झालो. निवृत्त मास्तराचं काय होतं, माहीत आहे ना? लोक रस्त्यात 'नमस्कार सर' म्हणतात, पण विचारत काही नाहीत. ते मला फार लागायचं. मुलाला बहुतेक ते कळलं असावं. त्यानं हवामान मोजायचं एक यंत्र पाठवलं आणि मे महिन्यात मी ते गच्चीवर बसवलं. वाऱ्याचा पंखा, तापमान, आणि पावसासाठी एक काळं नरसाळं. आकडे खाली बैठकीतल्या छोट्या पडद्यावर दिसायचे. रोज सकाळी साडेआठला मी ते 'आमचं पाऊसपाणी' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो. ग्रुप अर्थातच मी काढलेला. पेरणीआधी, फवारणीआधी फोन यायला लागले — सर, किती झाला? मी पुन्हा विचारण्याजोगा माणूस झालो होतो.

पण मी माझंच सांगत बसलोय. सांगायचं आहे ते महानंदाअक्कांबद्दल.

अक्का आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. माहेर कर्नाटकातलं, अजूनही काही मोजायचं झालं की कानडीतच पुटपुटतात. एकदा मी सातवीला पाऊस मोजायला शिकवत होतो. सरळ बाजूंचा डबा मोकळ्या जागी ठेवायचा, सकाळी त्यात पट्टी उभी धरायची, जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. पोरांनी आकृती काढली आणि विसरून गेली. दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या अक्कांनी मात्र सुट्टी झाल्यावर विचारलं, "सर, बिस्किटाचा पत्र्याचा डबा चालंल का? सरळ हाय बघा." मी चालेल म्हणालो आणि मीही विसरून गेलो.

त्या विसरल्या नाहीत. घरामागं, झाडापासून लांब, दगडांत घट्ट बसवलेला तो डबा त्यांनी बारा वर्षं सांभाळला. पावसाळ्यात रोज सकाळी पट्टी, रोज वहीत एक आकडा. एवढ्या वर्षांत मी शिकवलेलं खरोखर कुणी केलं असेल तर ते या बाईंनी, आणि त्यांचं नाव माझ्या कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. गावात बारा वर्षांचा पाऊस दुसऱ्या कुणाकडंही लिहिलेला नव्हता. तेव्हा याचा मला अभिमान वाटायचा. खरंच वाटायचा.

ग्रुप निघाला तशा अक्काही आपला आकडा टाकू लागल्या. भुरभुर असली की आमचे आकडे जुळायचे. मोठा पाऊस झाला की त्यांचा जास्त यायचा. असं चार-पाच वेळा झालं. मग एका सकाळी माझा अडतीस आणि त्यांचा बावन्न. आमच्या घरांमधे फक्त दोन गल्ल्या आणि मारुतीचं देऊळ! ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "आता खरं कुणाचं धरायचं?"

विज्ञानाच्या मास्तरानं अशा वेळी काय करावं? गच्चीवर जावं. आधी आपलं उपकरण तपासा, हे मी पोरांना जन्मभर बजावत आलो. चौदा पायऱ्या होत्या. मी चढलो नाही. मला राग आला होता — कशाचा, ते तेव्हाही कळत होतं. मी लिहिलं, "अक्का, खिचडीचं माप वेगळं आणि पावसाचं वेगळं. तुमच्या डब्यात आणखी काय काय पडतं ते एकदा बघा. यंत्र अंदाजपंचे बोलत नाही."

लोकांनी हसरे चेहरे टाकले. किती आले ते मी मोजले. हेही सांगूनच टाकतो — मोजताना बरं वाटत होतं.

अक्कांनी लिहिलं, "बरं सर." दुसऱ्या दिवसापासून त्यांचा आकडा आला नाही. त्यांचा फोन यायला लागला, "सर, आज किती?" मी सांगायचो.

दसऱ्यानंतर बॅटरी बदलायला म्हणून गच्चीवर गेलो आणि सहज नरसाळं उघडलं. आत, भोकाच्या तोंडाशी, कुंभारणीचं घर. भिंतीला ओली माती लिंपून घर करणारी ती माशी तुम्ही पाहिली असेल. थोडी फट उरली होती, तेवढ्यातून पाणी झिरपायचं. मोठ्या सरीचं वरूनच सांडून जायचं. माती जुनी, दगडासारखी घट्ट. पावसाळ्याआधीचीच असणार. स्क्रूड्रायव्हरनं ती खरवडली, तांब्यानं मापून पाणी ओतलं, खाली जाऊन पडदा पाहिला. आकडा बरोब्बर आला. अक्कांचा डबा खरा होता. सगळा पावसाळा खरा होता.

बायकोनं खालून विचारलं, "काय निघालं हो?" मी म्हणालो, "कचरा."

ग्रुपवर एक ओळ लिहायची होती. माझं यंत्र तुंबलं होतं, अक्का बरोबर होत्या — संपलं. मी ती लिहिलीसुद्धा, आणि पुसली. त्याच आठवड्यात गावातल्या एका कार्यक्रमात याच पाऊसमोजणीसाठी मला शाल-नारळ मिळाला होता. माझी पावसाची बेरीज तिथल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली होती. आता कुठं सांगायचं? दिवाळी होऊ दे म्हटलं. मग संक्रांत होऊ दे.

उन्हाळ्यात अक्का स्वतःच घरी आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नवी करकरीत वही.

"सर, सगळं नवं उतरून काढलंय," त्या म्हणाल्या. "माझा डबा मोठ्या पावसाला चौथ्या हिश्श्यानं जास्तीच दावायचा, तुमच्यासंगं ताडून बघितलं म्या. म्हंजे आधीचं बी सगळं चुकलेलंच की. मग बाराच्या बारा वर्साचं कमी करून लिवलंय. कुठं हिशेबानं, कुठं आपलं अंदाजानं. बरोबर हाय का बघा."

मी विचारलं, "आणि जुनी वही?"

"चुलीत घातली. खोटं कशाला ठिवायचं घरात?"

मी वही चाळली. बारा पावसाळे, एकाखाली एक, सुबक अक्षरात — आणि सगळे मोडलेले. गावात खरा पाऊस एकाच जागी लिहिलेला होता, आणि तो त्यांनी माझ्या शब्दाखातर आपल्या हातानं जाळला होता. अक्का समोर उभ्या होत्या. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. शाळेतही कधी बसायच्या नाहीत. नरसाळ्याचं सांगायला किती वेळ लागला असता? एक मिनिट. मला माझी लाज वाटत होती, आणि त्या लाजेपेक्षा भीती जास्त होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो. खिशातलं लाल पेन काढलं, शेवटच्या पानावर 'तपासले' लिहिलं आणि खाली सही केली.

अक्कांचा चेहरा असा फुलला की मला तिकडं बघवेना. "लई जिवाला लागलं हुतं सर," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं चुकीचं लिवत बसले म्हणून."

त्यालाही आता काही वर्षं झाली. नरसाळं मी दर पंधरवड्याला साफ करतो. ते उलटे आकडे पुन्हा सुलटे करता येतात का, हे मी घरी बसून पुष्कळदा करून पाहिलं. जिथं अंदाजानं कमी केलंय तिथं काहीच हाती लागत नाही. अक्कांच्या त्या डब्यात आता शेंगदाणे असतात. गेल्या खेपेला त्यांनी त्यातलेच मूठभर माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले.

आज सकाळीही त्यांचा फोन आला. रात्री चांगला पाऊस झाला होता.

"सर, आज किती लिवू?"

मी पडद्यावर पाहून सांगितलं, "एकेचाळीस." पलीकडून त्या कानडीत पुटपुटल्या, आणि पेन कागदावर चालल्याचा आवाज आला.