फाट्यावरची झोप

माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात नवरदेव उशिरा का पोहोचला, याची आमच्या घरात सांगतात ती हकिकत खोटी आहे. ती मीच रचली. भाऊ आता नाही, तेव्हा खरं सांगायला मी एकटा उरलोय.

निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं. लग्न माकणीला, गोरज मुहूर्तावर. नवरीच्या बापानं बजावून ठेवलं होतं, की मुहूर्त टळला तर मांडवात तिच्या आत्याचा मुलगा तयारच आहे. वऱ्हाडाच्या गाड्या सकाळीच पुढं गेल्या. नवरदेवाची गाडी माझ्याकडं होती. वडिलांनी पंधरा दिवसांपूर्वी मुरुमच्या बाजारातून पांढरा बैल आणला होता, आणि तो जुंपून सगळ्यांच्या मागून डौलात यायचं मीच ठरवलं होतं.

निघताना वडील म्हणाले, "फाटा आला की कासरा धर. त्याचं मन अजून जुन्या दावणीला हाय."

"मला कळतंय की," मी म्हणालो.

दुपारी ओढ्याकाठी आम्ही दही-धपाटे खाल्ले, जरा जास्तच. गाडी निघाली तसा नवरदेव बाशिंग मांडीवर घेऊन घोरायला लागला. त्याला सोबत म्हणून मीही. कासरा माझ्या हातातच होता, एवढं मात्र खरं.

गाडी थांबली तेव्हा जाग आली. गाव अनोळखी, घर अनोळखी, आणि पांढऱ्या बैलाचं तोंड अंगणातल्या गव्हाणीत. शेजारी आमचा जुना बैल पाहुण्यासारखा अवघडून उभा. भाऊ दचकून उठला तो हातात कट्यार घेऊनच. नवरदेवाची कट्यार ती, पण त्या दिवसांत अनोळखी माणसाची लोकांना धास्ती होती. आळीतली दारं धडाधड लागली.

त्या घरची बाई तेवढी बाहेर आली. शेजारणीच्या बंद दाराकडं बघून म्हणाली, "अगं, टोकाला लिंबू हाय. मारायला आलेला माणूस लिंबू कशाला आणंल?"

मग ती बैलाकडं गेली. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून कानडीत बराच वेळ बोलली, त्याला पेंड घातली, पदरानं आपले डोळे पुसले. एवढं झाल्यावर आमच्याकडं वळली. "आन् तुमी कोण?"

"नवरदेव," भाऊ म्हणाला.

"कुणाचा? आमच्या गावात आज लगीन न्हाय."

माकणी चार कोस मागं राहिली होती आणि ऊन कलायला लागलं होतं. भावाला ते कळलं तसं बाशिंग हातात धरून तो खालीच बसला. तेवढ्यात घरधनी शेतातून आले. लिंगायत शेतकरी, पन्नाशीचे. खांद्यावर पंचा टाकून आंघोळीलाच निघाले होते. आमची कथा ऐकली, पंचा तसाच ठेवला आणि त्यांनी आपली हलकी दमणी जुंपली. बाईंनी नवरदेवाला ओवाळलं. गाडी हाकताना ते मला एवढंच म्हणाले, "आता झोपू नका."

दिवस टेकायच्या आत आम्ही माकणीत शिरलो. आत्याच्या मुलाला नवा पटका बांधून पाटाजवळ आणलं होतं. आम्हाला बघून त्यानं मुकाट्यानं पटका सोडायला घेतला.

अक्षता पडल्या. मग वडिलांनी चार माणसांत विचारलं, "फाट्यावर काय झालं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "बैलाला परतायची सवय लावूनच विकलाय त्या लोकांनी. परत मिळवायचा डाव हाय." भाऊ बाशिंगाची गाठ सोडत बसला. घोरायला त्यानंच आधी सुरुवात केली होती.

ते गृहस्थ तेव्हा विहिरीवर होते. संध्याकाळची आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाणीसुद्धा घेत नसत, आणि आमच्या घाईत दोन्ही राहिलं होतं. कपाळाला ताजं भस्म लावून ते आले तेव्हा पंगत बसली होती. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही. ते जरा वेळ मांडवाच्या खांबाशी उभे राहिले. "तुमची जोडी उद्या पाठवतो," म्हणाले आणि दमणी जुंपून गेले. मी जिलेबी खात होतो.

दुसऱ्या दिवशी जोडी आली. पांढऱ्याच्या गळ्यात नवी घुंगुरमाळ होती. आमची चुलती म्हणाली, "बघा, पाप टोचलं म्हणून माळ घातली." तेव्हापासून त्या गावचं जनावर आमच्या दावणीला आलं नाही आणि तिथली पोरगी आम्ही केली नाही.

गेल्या महिन्यात वहिनी नातवंडांना हीच हकिकत सांगत होती. ते लोक कसे लबाड, इथवर आली तेव्हा मी चहाची बशी खाली ठेवली आणि सगळं खरं सांगून टाकलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊजी, ते जेवले व्हते का?"

"न्हाय."

"पाणी?"

"त्ये बी न्हाय, मला वाटतं."

"माझ्या मांडवातनं माणूस उपाशी गेलं?"

"व्हय."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्यापुढची अर्धी राहिलेली कपबशी उचलली आणि आत गेली. मी चहा परत मागितला नाही.