मामांची लाइन तपासणी

साधी वस्तू विकत घेणं किती अवघड करून ठेवता येतं, हे ज्याला पाहायचं असेल त्याने माझ्या मामांसोबत एकदा नवीन जालन्याच्या बाजारात जावं. चप्पल घ्यायची तर मामा ती पायात घालून मस्तगडापर्यंत जाऊन येतात; तोवर त्यांची जुनी चप्पल दुकानदाराकडे गहाण असते. पंखा घ्यायचा तर दुकानातच त्याच्याखाली खुर्ची टाकून झोपतात आणि उठून सांगतात, "झोप लागली, पण गाढ न्हाई लागली." अशा माणसाला मी माझ्या दुकानासाठी इंटरनेटवरच्या फोनची कंपनी निवडायला बोलावलं. बुद्धी फिरली होती, दुसरं काय.

माझं दुकान म्हणजे ठिबकच्या नळ्या आणि मोटारींचे सुटे भाग. माणसं दोन, त्यातला एक मी. कापसाची लागवड तोंडावर आली की गिऱ्हाइकांचे फोन एकमेकांवर आदळतात आणि निम्मे हातचे जातात, म्हणून ही सोय हवी होती. पण खरं सांगायचं तर "विक्रीसाठी एक दाबा, गोदामासाठी दोन दाबा" असं यंत्राने बोलावं, ही माझी हौस. दोन्ही बटणांवर फोन उचलणार मीच होतो, ही गोष्ट वेगळी. ती घोषणा मी भारदस्त आवाजात बोलून ठेवली. बायकोने ऐकली आणि विचारलं, "मग गाडी किती लेट आहे?"

तीन कंपन्या काही दिवस फुकट वापरून बघा म्हणत होत्या. पहिल्या कंपनीचा माणूस प्लॅन समजावत होता तेव्हा मी सारखी मान डोलवत होतो, नाहीतर मला काही कळत नाही हे त्याला कळलं असतं. मामांनी त्याला मुद्दाम बिनसाखरेचा चहा पाजला. तो बिचारा "छान आहे" म्हणाला. तो गेल्यावर मामांचा निकाल आला, "जो चहाचं खरं बोलंना, तो लाइनचं काय खरं बोलणार?"

लाइन तपासायची मामांची पद्धतही त्यांचीच. "आपल्या माणसाला फोन लावून कळत न्हाई," ते म्हणाले. "ते खराब आवाजालाही चांगलाच म्हणतं. ज्याच्याशी भांडण आहे त्यालाच लावावा. ते बराबर खोट काढतं." आणि त्यांनी जाफराबादला माझ्या मावशीला, म्हणजे स्वतःच्या धाकट्या बहिणीला, फोन लावला.

या दोघांचा अबोला आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मावशीच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवामागे उभं राहायचा मान मामांचा, आणि मावशीने त्यांना आमंत्रण दिलं फोनवर. "भावाकडं अक्षत घेऊन यावं लागतं," म्हणून मामा लग्नाला गेलेच नाहीत. "फोन असला म्हणून काय झालं, आवाज तर माझाच व्हता," म्हणून मावशीही हटून बसली. त्या लग्नात मामांच्या जागी मला उभं केलं होतं. फोटोत मी आचाऱ्याचा हिशोब राहिल्यासारखा दिसतो.

पण अबोल्यात कामापुरतं बोलायला हरकत नसते. मामा घसा खाकरून म्हणाले, "लाइन तपासणी. आवाज येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला. पण खरखर आहे."

"आता लांब वाक्य बोलून पाह्यतो. गुडघा कसा आहे आणि त्याला तेल लावणं चालू आहे का, हे सगळं ऐकू आलं का?"

"गुडघा ऐकू आला. तेलाचं तुटलं. बोलणाऱ्यानं पुन्हा बोलावं."

मामांनी पुन्हा विचारलं. तेव्हा ते गुडघ्याच्या ठिकाणी तुटलं. पहिली कंपनी नापास झाली, पुढच्या आठवड्यात दुसरीही. तिसऱ्या कंपनीच्या वेळी मी फोन स्पीकरवर टाकला. मावशीच्या अंगणातली शेळीसुद्धा स्वच्छ ऐकू येत होती आणि मावशी सांगत होती, "अर्धंच येऊन राह्यलं, उद्या पुन्हा लावून पाहावं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेळीला बहुधा पहिल्याच दिवशी कळलं असावं.

मी कंपनी निवडली की यांचं बोलणं संपणार होतं. आणि लागवड थांबणार नव्हती. फुकटचे दिवस सरले तेव्हा मी तिसरी कंपनी पक्की केली आणि मामांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मंग आता काही तपासायचं न्हाई का?" म्हणाले, आणि वर, "बरं झालं. जल्दी झालं." मला फार वाईट वाटलं. आई गेल्यापासून मला लहानपणच्या नावाने हाक मारणारी हीच दोन माणसं उरली आहेत.

मामा पायरी उतरून गेले आणि परत आले. "आपण सगळं इकडून तिकडं तपासलं," ते म्हणाले. "तिकडून इकडं आवाज कसा येतो ते कुठं पाह्यलं? त्याला माणूस जावा लागंल." मी त्यांच्या मोबाइलमध्ये कंपनीचं अ‍ॅप टाकून दिलं आणि त्यावरून दुकानात फोन कसा लावायचा ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने ते जाफराबादला गेले. फक्त कामासाठी, हे त्यांनी कंडक्टरलाही सांगितलं असणार.

संध्याकाळी दुकानात फोन वाजला. "लाइन तपासणी. आवाज येऊन राह्यला का?"

आवाज इतका स्वच्छ होता की मागे भाकरी थापल्याचं ऐकू येत होतं. आणि तव्याजवळून मावशी म्हणाली, "दादा, आधी जेवून घे, मंग तपास."

त्या लग्नानंतर तिच्या तोंडून 'दादा' मी पहिल्यांदाच ऐकला. "नाही मामा," मी म्हणालो, "तुटतोय. चार दिवस तिथंच थांबा आणि रोज लावून पाहा."

पलीकडून मामा म्हणाले, "मला वाटलंच व्हतं. राहावं लागंल मंग."

फोन बंद करायचं ते विसरले. समोर गिऱ्हाईक नळीचा भाव विचारत होतं. मी त्याला हाताने थांबवलं आणि जाफराबादेत ताट वाढल्याचा आवाज ऐकत राहिलो.